अर्नोकांठची छत्री



ज्या शहरास आपण फ्लॉरेन्स म्हणतों, त्यास तेथील लोक फिरेंझे म्हणतात. इटलीच्या मध्यभागीं, तोस्काना प्रांतांत, अर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर तें वसलें आहे. लोकवस्ती सुमारें साडेतीन लाख. म्हणजे २०११ च्या जनगणनेंत आमच्या पिंपरी-चिंचवडची जी सतरा लाखांवर वस्ती नोंदली गेली, तिचा जेमतेम पांचवा हिस्सा. कला, विद्या आणि सराफी या तीन गोष्टींत ज्या शहरानें सर्व युरोपास धडे दिले, तें इतकें आटोपशीर असावें याचें प्रथमदर्शनीं नवल वाटतें.

आमचे चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांतून कांहीं काळाकरितां तुरिन येथें कामास गेले आहेत. त्यांच्याकडे गेलों असतां नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही उभयतां तीन रात्री फ्लॉरेन्सला राहून आलों. तीन रात्री म्हणजे हातीं दोन पुरे दिवस आणि दोन अर्धे. त्या शहराची सगळी यादी आज मी आपणांस वाचून दाखविणार नाहीं; ती कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत मिळेल. कोल्हापूरच्या एका तरुण छत्रपतींचा अंत त्या शहरीं झाला, आणि त्यांची छत्री आजहि तेथें नदीकांठीं उभी आहे. त्या छत्रीपर्यंत पोंचण्यास लागेल तेवढेंच शहर मी सांगणार आहें.

तुरिनहून जलद गाडीनें निघालें म्हणजे सुमारें तीन तासांत फ्लॉरेन्सचें मुख्य स्टेशन येतें. उतारूंनीं आपलें बिऱ्हाड स्टेशनापासून पायीं जातां येईल असेंच पाहावें, कारण जुन्या शहरांत बाहेरच्या मोटारींस बहुतेक ठिकाणीं मज्जाव आहे. हॉटेलांत पाऊल ठेवतांच पासपोर्ट मागतात. त्यांत अपमान मानूं नये, प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे देणें हा तेथील कायदाच आहे. खोलीच्या भाड्याखेरीज दर माणशीं दर रात्रीचा नगरपालिकेचा कर निराळा द्यावा लागतो. सोमवारीं मोठीं चित्रालयें बंद असतात, हें ध्यानांत ठेवून दिवस ठरवावे. कॉफी उभ्यानें घेतली तर स्वस्त आणि टेबलाशीं बसून घेतली तर महाग, ही रीत आमच्या सौभाग्यवतींस अखेरपर्यंत पटली नाहीं. शाकाहारी माणसाची तेथें उपासमार होत नाहीं. शिळा पाव, पालेभाजी व पांढरे घेवडे एकत्र शिजवून केलेलें 'रिबोल्लिता' नांवाचें दाट कढण मिळतें. तें मांसाच्या रसावांचून केलें आहे ना, एवढें विचारून घ्यावें. तोस्कानाचा पाव मात्र बिनमिठाचा असतो. पहिल्या घासास तो मुळींच गोड लागत नाहीं. परंतु आपली भाकरीहि अळणीच असते, आणि मीठ ठेच्यांत असतें, हें आठवलें म्हणजे त्या पावाचें मर्म कळतें.

शहरांत कोठूनहि जें दिसतें, तें मुख्य देवळाचें घुमट. या देवळाचें बांधकाम १२९६ सालीं सुरू झालें. मधला अष्टकोन इतका रुंद धरण्यांत आला होता कीं त्यावर घुमट कसें घालावें हें बराच काळ कोणास उमगलें नाहीं, आणि तोंवर देऊळ उघडेंच राहिलें. अखेर ब्रुनेलेस्की या मूळच्या सोनारानें १४२० ते १४३६ या काळांत तें पुरें केलें. घुमट घालावयाचें तर खालीं लांकडाचा सांचा उभारून त्यावर विटा रचावयाच्या, ही सर्वांस ठाऊक असलेली रीत; परंतु सुमारें ४५ मीटर रुंदीच्या पोकळीस पुरेल एवढें लांकूड आणावें कोठून? त्यानें एकांत एक अशीं दोन कवचें योजिलीं, आणि विटा माशाच्या कांट्याप्रमाणें तिरप्या बसवून प्रत्येक थर स्वतःच्याच बळावर उभा राहील असें केलें. चाळीस लाखांहून अधिक विटा त्यांत गेल्या आहेत. आपल्याकडे विजापूरचा गोल घुमट याच्यानंतर सव्वादोनशें वर्षांनीं, १६५६ मध्यें, पुरा झाला. त्याचा बाहेरून व्यास सुमारें ४४ मीटर आहे. दोहोंची कृति अगदीं निराळी, आणि दोहोंच्या कारागिरांनीं एकमेकांचें नांवहि ऐकलें नसावें. वर जाण्यास ४६३ पायऱ्या आहेत. त्या मीं चढलों नाहीं. साठी उलटलेल्या गुडघ्यांस मान द्यावा लागतो.

आतां १८७० सालच्या नोव्हेंबरांत हेंच शहर कसें होतें, तें डोळ्यांपुढें आणावें. ज्या संगमरवरी दर्शनी भिंतीपुढें आज प्रवासी छायाचित्रें काढतात, ती तेव्हां नव्हतीच. ती १८८७ सालीं पुरी झाली, आणि तोंवर देवळाचा पुढील भाग ओबडधोबडच होता. मायकेलअँजेलोचा १५०४ सालचा दाविदाचा पुतळा आज चित्रशाळेच्या छपराखालीं आहे. तेव्हां तो राजवाड्यापुढील चौकांत ऊनपावसांत उभा होता, १८७३ मध्यें त्यास आंत नेण्यांत आलें. सर्वांत मोठा फरक असा कीं, फ्लॉरेन्स तेव्हां इटलीची राजधानी होती. १८६५ पासून तो मान तिजकडे होता. सप्टेंबर १८७० मध्यें इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें, आणि १८७१ मध्यें राजधानी तिकडे गेली. म्हणजे आपले महाराज तेथें पोंचले ते बांधाबांध चालू असलेल्या राजधानींत.

हे महाराज म्हणजे कोल्हापूरचे दुसरे राजाराम छत्रपति. बाबासाहेब महाराजांचे ते दत्तकपुत्र. १८६६ सालीं गादीवर आले तेव्हां अवघे सोळा वर्षांचे. इंग्रजी शिक्षण चांगलें झालेलें. १८७० च्या उन्हाळ्यांत त्यांनीं विलायतेस जाण्याचें ठरविलें. आज आपल्या गल्लींतील निम्मीं मुलें परदेशीं असतात, त्यामुळें या निश्चयाचें मोल चटकन् ध्यानांत येत नाहीं. समुद्र ओलांडणें म्हणजे धर्म बुडविणें, ही समजूत तेव्हां घरोघर पक्की होती, आणि ज्याच्या पाठीशीं प्रजा व देवस्थानें आहेत अशा छत्रपतीनें तें करणें ही लहान गोष्ट नव्हे. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्यें खुला झालेला. कोल्हापुरास तर आगगाडीहि नव्हती, ती १८९१ सालीं आली. सोबत कॅप्टन वेस्ट नांवाचा इंग्रज अधिकारी व आपलीं माणसें घेऊन महाराज लंडनला गेले, राणी व्हिक्टोरियाची त्यांनीं भेट घेतली, आणि जें जें पाहिलें तें तें इंग्रजींत रोजनिशींत टिपून ठेविलें. ती रोजनिशी वेस्टनें संपादून १८७२ मध्यें लंडनला छापविली. राजेरजवाड्यांच्या प्रवासवर्णनांत आढळणारा डामडौल तींत फारसा नाहीं. शिकण्याची हौस असलेल्या मुलाची ती वही आहे, असें शिक्षक या नात्यानें मला वाटलें.

परतीच्या वाटेंत त्या वर्षीं एक मोठा अडसर होता. फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुलैंत पेटलें होतें आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. महाराजांची मंडळी बेल्जियम, जर्मनी व टायरोलच्या डोंगरांतून इटलींत उतरली. नोव्हेंबरची थंडी आणि डोंगरी प्रवास. वाटेंतच महाराजांची प्रकृति बिघडली. फ्लॉरेन्सला अर्नोकांठच्या एका हॉटेलांत ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचें देहावसान झालें. वयाचें एकविसावें वर्ष चालू होतें, आणि पोटीं पुत्र नव्हता.

बरोबरच्या माणसांपुढें तेव्हां जो प्रश्न उभा राहिला, त्याचा आपण क्षणभर विचार करावा. हिंदु राजाचा देह. त्याचें दहन झालेंच पाहिजे. पण ज्या देशांत मृतास पुरणें हीच एक धर्ममान्य रीत, जेथें स्मशान म्हणजे ख्रिस्ती दफनभूमि, तेथें चिता रचावी कोठें, आणि परवानगी द्यावी कोणी? तोस्कानाच्या भूमीवर उघड्यावर दहन झाल्याचा एक नामांकित दाखला होता: इंग्रज कवि शेली १८२२ मध्यें समुद्रांत बुडाला, तेव्हां व्हियारेज्जोच्या वाळवंटांत त्याच्या मित्रांनीं त्याचें प्रेत जाळलें होतें, तेंहि सांथीच्या भीतीनें केलेल्या सरकारी नियमांमुळें. विधि म्हणून दहन ही गोष्ट निराळी होती. अखेर खास परवानगी मिळाली. शहराच्या पश्चिमेस कॅशिने नांवाचें लांबच लांब उपवन आहे. त्याच्या टोंकाशीं मुन्योने नांवाची लहान नदी अर्नोस मिळते. संगमाची जागा सांपडली, हें केवढें भाग्य म्हणावें! तेथें रात्रीच्या वेळीं चिता रचून आपल्या माणसांनीं अंत्यविधि केला. शहरचे लोक पाहावयास जमले, आणि वर्तमानपत्रांतून त्याचीं वर्णनें आलीं.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. त्यानंतर पांचच वर्षांनीं, जानेवारी १८७६ मध्यें, मिलान येथें बांधीव दहनगृहांत पहिलें दहन झालें. इंग्लंडांत दहन बेकायदेशीर नाहीं हा निवाडा १८८४ सालचा, आणि लंडननजीक वोकिंग येथें पहिलें दहन १८८५ सालचें. कॅथलिक धर्मपीठानें १८८६ मध्यें दहनास मनाई केली; ती १९६३ मध्यें उठली. कोल्हापूरकरांच्या त्या चितेमुळें हें सर्व घडलें असें मी म्हणणार नाहीं. युरोपांतील डॉक्टर व सुधारक आपापल्या कारणांनीं तिकडे वळतच होते. एवढें मात्र खरें कीं, जी गोष्ट त्या रात्रीं विनवणी करून मिळवावी लागली, ती पुढें त्यांच्या स्वतःच्या कायद्यांत आली.

छत्री १८७४ सालीं उभारली गेली. तिची आंखणी मेजर चार्ल्स मँट यानें केली. हा सैन्यांतील इंजिनियर. कोल्हापूरचा नवा राजवाडा, जो १८८४ मध्यें पुरा झाला, तो याच्याच आराखड्यावरून बांधलेला आहे, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची मूळ कल्पनाहि त्याचीच. आंतील अर्धपुतळा फ्लॉरेन्सवासी इंग्रज शिल्पकार फुलर याचा. युरोपांतील पुतळे बहुधा पांढरे. हा रंगविलेला आहे. पागोटें, दागिने, तरुण चेहरा. वर खांबांवर पेललेलें छत्र. पंचगंगेच्या घाटावर कोल्हापूरच्या राजघराण्याच्या समाधींचीं देवळें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस हें रूप परकें वाटणार नाहीं; परकी वाटते ती भोंवतालचीं झाडें आणि थंडी.

आम्ही दुसऱ्या दिवशीं दुपारीं तेथें गेलों. ट्राम उपवनाच्या अलीकडच्या टोंकाशीं सोडते. पुढें सुमारें तीन किलोमीटर सरळ चालावें लागतें. झाडांचीं पानें गळून वाटेवर पडलीं होतीं. धांवण्याचा व्यायाम करणारे दोघेचौघे सोडले तर वाटेंत कोणी नव्हतें. एका वृद्ध गृहस्थास मीं वाट विचारली. महाराजांचें नांव त्याच्या ध्यानांत येईना. परंतु "इंदियानो" हा शब्द उच्चारतांच त्यानें हातानें दिशा दाखविली. त्या भागास लोक इंदियानो, म्हणजे 'हिंदी माणसाचें ठिकाण', असेंच म्हणतात. जवळच अर्नोवर तारांच्या आधारानें तोललेला १९७८ सालीं पुरा झालेला पूल आहे. त्याचें नांवहि इंदियानोचा पूल. त्यावरून रोज हजारों मोटारी जातात. राजाचें नांव गेलें, देशाचें राहिलें! नांवें टिकण्याची ही तऱ्हा मला मोठी विलक्षण वाटते.

सौ. कठड्याशीं बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनीं पहिली गोष्ट विचारली ती ही: "अहो, घरीं कळलें केव्हां असेल हो?" तारेची सोय नुकतीच झाली होती, इंग्लंडहून मुंबईस समुद्रांतून तार त्याच वर्षीं, १८७० मध्यें, सुरू झालेली. त्यामुळें बातमी थोड्या दिवसांत मुंबईस आली असली पाहिजे, एवढें मीं सांगितलें. पुढें गादीवर दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज. त्यांचा अंत १८८३ मध्यें अहमदनगरच्या किल्ल्यांत फार दुःखद रीतीनें झाला, आणि १८८४ मध्यें जे दत्तक आले ते शाहू महाराज. ही वंशावळी ऐकून घेण्याकडे त्यांचें लक्ष नव्हतें.

शहराला परत आल्यावर सांताक्रोचे या देवळांत आम्हीं एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. तेथें दांते कवीचें भव्य स्मारक आहे, आणि तें आंतून रिकामें आहे. फ्लॉरेन्सनें आपल्या या सर्वश्रेष्ठ कवीस १३०२ मध्यें हद्दपार केलें. तो १३२१ मध्यें राव्हेन्ना येथें वारला आणि तेथेंच पुरला गेला. पुढें फ्लॉरेन्सनें त्याच्या अस्थि वारंवार मागितल्या. राव्हेन्नानें त्या दिल्या नाहींत. शेवटीं रिकामें थडगें १८२९-३० च्या सुमारास बांधलें. मायकेलअँजेलो १५६४ मध्यें रोमला वारला, त्याचा देह मात्र परत आणण्यांत आला आणि तो त्याच देवळांत आहे. म्हणजे आपलें माणूस परमुलखांत गेलें तर काय करावें, हा प्रश्न त्या शहरास मुळींच नवा नाहीं. आपल्याकडे याचें उलट उदाहरण डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें. त्या १८८७ मध्यें पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थि अमेरिकेंत त्यांना लेकीप्रमाणें वागविणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे धाडण्यांत आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथील स्मशानभूमींत त्या विसावल्या आहेत.

मराठी माणसाचा इटलीशीं दुसरा संबंध रक्ताचा आहे, तो दुसऱ्या महायुद्धांतला. १९४४ च्या उन्हाळ्यांत आठवी हिंदी डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या दक्षिणेकडून वर सरकत असतां मराठा पलटणीचे शिपाई मोन्तेगुफोनी नांवाच्या गढींत शिरले. तेथें फ्लॉरेन्सच्या चित्रालयांतील अमोल चित्रें युद्धाच्या भयानें आणून ठेविलेलीं होतीं. बोत्तिचेल्लीचें वसंताचें जगप्रसिद्ध चित्रहि त्यांत होतें. तीं चित्रें वांचलीं. त्याच जुलैच्या १० तारखेस, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, माणगांवकडील नाईक यशवंत घाडगे यांनीं एकट्यानें शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन तें जिंकलें, आणि तेथेंच ते पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलींत फोर्ली येथें हिंदी सैन्याच्या स्मशानभूमींत दहन झालेल्या शेंकडों शिपायांचीं नांवें कोरलेलें निराळें स्मारक आहे. त्यांच्या चितेकरितां कोणास विनवणी करावी लागली नाहीं.

त्या रात्रीं हॉटेलांत सौ.नीं जो प्रश्न काढला, तो आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांच्या मनांत केव्हां ना केव्हां येतोच. फक्त तो कोणी उच्चारीत नाहीं. त्या म्हणाल्या, "आपल्यापैकीं एकाचें इथें बरेंवाईट झालें, तर पोरानें काय करायचें?" मीं अभद्र बोलूं नका असें म्हणून विषय टाळला नाहीं. चौकशी करून जें कळलें, तें येथें सांगतों, कारण तें उपयोगाचें आहे.

युरोपांतील या राष्ट्रांचा व्हिसा काढतांना जो विमा सक्तीनें घ्यावा लागतो, तो निदान तीस हजार युरोंचा असावा लागतो, आणि औषधोपचाराप्रमाणेंच मृत्यु झाल्यास देह स्वदेशीं पोंचविण्याचा खर्चहि त्यांत धरलेला असतो. विम्याचा कागद सामानाच्या तळाशीं न ठेवतां पासपोर्टाबरोबर ठेवावा, आणि त्याची प्रत मुलाजवळ असावी. मृत्यूची नोंद स्थानिक नगरपालिकेंत होते. त्यानंतर भारतीय वकिलातीस कळवून तेथून देह वा अस्थि नेण्यासाठीं लागणारीं कागदपत्रें घ्यावीं लागतात. वकिलात रोम येथें आहे, मिलान येथें महावाणिज्य दूतावास आहे. देह न आणतां तेथेंच दहन करावयाचें असेल तर तें आतां सहज होतें. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस त्रेस्पियानो येथील स्मशानांत दहनगृह आहे, आणि २००१ च्या इटालियन कायद्यानें अस्थि घरीं ठेवण्यास वा विसर्जित करण्यासहि मुभा दिली आहे. मात्र मृताची इच्छा लेखी असली म्हणजे घरच्यांचें काम फार हलकें होतें.

तेव्हां आम्हीं दोन कागद घेतले. माझ्या कागदावर मीं लिहिलें कीं, कितीहि दिवस लागोत, मला पिंपळे सौदागरला आणावें. पवनेच्या कांठीं शेतें होतीं तेव्हांपासून मी तें गांव पाहिलें आहे, आतां तेथें इमारतींची दाटी झाली असली तरी नदी तीच आहे. सौ.नीं लिहिलें कीं, जेथें प्राण जाईल तेथेंच दहन करावें, पोराला कचेऱ्यांत हिंडवूं नये, अस्थि मात्र सवडीनें आळंदीस इंद्रायणींत सोडाव्या. यावर आमचा थोडा वाद झाला. माझें म्हणणें त्यांस हट्टाचें वाटलें, त्यांचें मला फारच कोरडें वाटलें. चिरंजीवांस दूरध्वनीवर हें सांगितलें तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग, "कागद जपून ठेवा, मी पाहतों," एवढेंच म्हणाले. दोन्ही कागद विम्याच्या कागदाबरोबर एकाच पाकिटांत आहेत.

ज्यांस छत्रीपर्यंत जावयाचें असेल त्यांनीं मंगळवारची सकाळ टाळावी. त्या दिवशीं कॅशिनेमध्यें मोठा बाजार भरतो आणि वाट गर्दीची होते. सोबत पाणी असावें, पायांत जुनी वहिवाटीची पादत्राणें असावीं. आणि नोव्हेंबरांत गेल्यास दोन वाजण्याच्या आधीं निघावें, कारण पांचाच्या सुमारासच तेथें अंधार पडूं लागतो.